व्हर्जिल, शाळेचं पुस्तक आणि ब्लेकची सतरा काळी चित्रं

१८२१ साली लंडनमध्ये शाळकरी मुलांना लॅटिन शिकवण्यासाठी एक दोन खंडांचं पुस्तक निघालं. रोमन कवी व्हर्जिलच्या मेंढपाळांच्या कविता, त्यांवर टिपा, त्यांची इंग्रजी अनुकरणं आणि सगळं मुलांच्या डोक्यात बसावं म्हणून दोनशेच्या वर चित्रं. त्यातल्या एका इंग्रजी कवितेच्या चित्रांसोबत संपादकाने एक खुलासा छापला. मतलब असा: ही चित्रं सुप्रसिद्ध ब्लेक यांनी स्वतः काढली आहेत आणि स्वतःच कोरली आहेत, हे मुद्दाम सांगायचं कारण, त्यांत कलेपेक्षा प्रतिभा जास्त आहे आणि काही नामवंत चित्रकारांना ती फार आवडतात.

हा ब्लेक म्हणजे इंग्रज कवी आणि चित्रकार विल्यम ब्लेक. स्तुती करताकरता माफी मागून घ्यायची, असा हा प्रकार. गंमत म्हणजे आज हे पुस्तक कुणी उघडलंच, तर याच चित्रांसाठी उघडतं. बाकीची दोनशे चित्रं कुणाच्या स्मरणात नाहीत.

संपादकाला ती चित्रं ओबडधोबड का वाटली आणि तीच पुढे इतकी मोलाची का ठरली, हे कळायचं तर दोन गोष्टी माहीत हव्यात. एक, व्हर्जिलच्या त्या कवितेत नेमकं काय आहे. दुसरी, लाकडावर चित्र कसं कोरतात.

आधी कविता. व्हर्जिलचा जन्म इसवी सनापूर्वी ७० मध्ये, उत्तर इटलीतल्या मांतुआ गावाजवळचा. त्याने तिशीच्या आसपास दहा कविता लिहिल्या, त्या ‘एक्लॉग्ज’ नावाने ओळखल्या जातात. मेंढपाळ झाडाखाली बसून गातात, एकमेकांशी पैजा लावतात, प्रेमात झुरतात. हा साचा त्याच्या दोनेकशे वर्षं आधी थिओक्रिटस या ग्रीक कवीने पाडला होता. युरोपात पुढे सतराशे-अठराशे वर्षं कवींनी तो इतका वापरला की मेंढपाळ म्हणजे रेशमी फीत लावलेली काठी घेऊन बासरी वाजवणारा देखणा पोरगा, असंच होऊन बसलं. मराठी वाचकाची इथे जरा अडचण होते. आपल्याला मेंढपाळ म्हटलं की डोळ्यांपुढे धनगराचा वाडा येतो, दिवाळीनंतर घाट उतरून कोकणाकडे चालत निघालेला, कोकरं घोड्यावर लादलेली. पण खुद्द व्हर्जिलची पहिली कविता वाचली तर ती या चालत्या वाड्याच्या जास्त जवळ आहे, रेशमी फितीच्या नाही.

त्या कवितेत दोन माणसं बोलतात. टिटिरस हा म्हातारा बीच वृक्षाच्या सावलीत निवांत पडून पावा वाजवतोय. समोरून मेलिबियस शेळ्या हाकत येतो. त्याची जमीन गेलीय. इसवी सनापूर्वी ४२ मध्ये फिलिपीच्या लढाईनंतर विजेत्या सेनापतींनी निवृत्त सैनिकांना इनाम म्हणून इटलीतल्या शेतजमिनी काढून दिल्या. क्रेमोनाच्या जमिनी पुरल्या नाहीत म्हणून शेजारच्या मांतुआवरही हात पडला. टिटिरसने रोमला जाऊन वशिल्याने आपलं वावर वाचवलं. मेलिबियसचं वाचलं नाही. मी नांगरून मऊ केलेली ही शेतं आता कुणी निर्दय सैनिक घेणार, असं तो म्हणतो. त्याची एक शेळी वाटेतच व्यायलीय, जुळी पिल्लं नुसत्या खडकावर टाकून तिला ओढत पुढे न्यावं लागतंय. हा तपशील ज्याने लिहिला त्याला मेंढरं माहीत होती, असं मला प्रत्येक वेळी वाटतं. शेवटी टिटिरस म्हणतो, आजची रात्र तरी माझ्याकडे थांब. पिकलेली सफरचंदं आहेत, चेस्टनट आहेत, चीजही भरपूर आहे. दूरवरच्या घरांच्या छपरांतून धूर निघतोय आणि डोंगरांच्या सावल्या लांब होतायत. कविता संपते. उद्या मेलिबियस कुठे जाणार, ते सांगितलेलं नाही.

आता या कवितेचं इंग्रजी अनुकरण. अँब्रोज फिलिप्स नावाच्या कवीची गोपकाव्यं १७०९ मध्ये छापली गेली. त्या काळी त्यांचं कौतुक झालं आणि टिंगल त्याहून जास्त झाली. इंग्रजीत गुळगुळीत, लाडिक लिखाणाला ‘नॅम्बी-पॅम्बी’ असा जो शब्द आहे, तो याच कवीच्या नावाची खिल्ली उडवताना जन्माला आला. फिलिप्सने टिटिरसचा थेनॉट केला आणि मेलिबियसचा कॉलिनेट. थेनॉट म्हातारा आणि समाधानी, कॉलिनेट तरुण आणि दुःखी. पण कॉलिनेटची जमीन कुणी हिसकावलेली नाही. नाव कमवावं, मुलूख पाहावा, या हौसेपायी तो स्वतःच घर सोडून आला आणि पस्तावला. सैनिक गेले, सरकार गेलं, उरला फक्त तरुणपणीच्या मूर्खपणाचा उपदेश. थेनॉट त्याला इंग्रजीतली म्हण ऐकवतो, गडगडत्या दगडाला शेवाळ धरत नाही. म्हणजे एका जागी टिकत नाही त्याच्या हाती काही लागत नाही. शाळेच्या पुस्तकात अशी कविता का घेतली असेल, याचा अंदाज कुणालाही करता येईल.

ते पुस्तक काढणारा रॉबर्ट जॉन थॉर्नटन हा पेशाने डॉक्टर. फुलांच्या भव्य चित्रांचा एक ग्रंथ काढण्याच्या नादात त्याने आपली सगळी पुंजी घालवली होती, पण पुस्तकांचं वेड काही सुटलं नव्हतं. व्हर्जिलचं हे शालेय पुस्तक त्याने १८१२ मध्ये पहिल्यांदा काढलं. १८२१ ची ती तिसरी आवृत्ती. जॉन लिनेल या तरुण चित्रकाराच्या घरचा तो डॉक्टर होता आणि लिनेलने त्याची गाठ विल्यम ब्लेकशी घालून दिली. ब्लेक तेव्हा साठी ओलांडलेला. थॉर्नटनने ‘सुप्रसिद्ध’ लिहिलं खरं, पण त्या काळी लंडनमध्ये ब्लेकला ओळखणारी माणसं थोडी आणि त्यातली बरीच त्याला वेडसर समजणारी. पोट भरायला तो आयुष्यभर तांब्यावर कोरत आला होता. १७७२ पासून सात वर्षं एका कोरक्याच्या हाताखाली उमेदवारी केलेला माणूस. लाकडाला मात्र त्याने तोवर हात लावला नव्हता, आणि या कामानंतरही पुन्हा लावला नाही.

आता लाकडाकडे वळू. लाकडावर चित्र कोरायच्या दोन तऱ्हा आहेत आणि त्यांची सर्रास गल्लत होते. जुन्या तऱ्हेत फळी घेतात, म्हणजे खोडाच्या लांबीने कापलेलं लाकूड, आणि सुरीने चित्राच्या रेषा सोडून बाकीचं खरवडून काढतात. लाकडाचे तंतू आडवे येतात, त्यामुळे फार बारीक काम होत नाही. दुसऱ्या तऱ्हेत खोड आडवं कापून त्याची चकती घेतात आणि तिच्या तोंडावर कोरतात. तिथे तंतूंची फक्त टोकं वर असतात, म्हणून हत्यार कुठल्याही दिशेला सारखंच चालतं. लाकूड बॉक्सवुडचं लागतं: फार हळू वाढणारं, घट्ट, दगडासारखं टणक. झुडूपच ते, खोड बारीक; त्यामुळे ठोकळेही लहान. हत्यार सुरी नाही, तर तांब्यावर कोरायचं ब्युरिन: तळहातात मावणारी गोल लाकडी मूठ आणि पुढे टोकदार पोलादी सळई, ती पुढे ढकलत न्यायची. ही दुसरी तऱ्हा अठराव्या शतकाच्या अखेरीस न्यूकॅसलच्या थॉमस बेविकने अशी काही मुरवली की त्याच्या पक्ष्यांच्या पुस्तकातली पिसं मोजता येतील.

धंद्याच्या दृष्टीने याचा फायदा मोठा होता. ठोकळ्याची उंची छापखान्यातल्या अक्षरांच्या खिळ्यांइतकीच, साधारण २३ मिलिमीटर ठेवतात. मग जुळवलेल्या मजकुरातच ठोकळा बसवायचा, वरून शाईचा रूळ फिरवायचा आणि अक्षरं नि चित्र एका दाबात छापायचं. तांब्याच्या पत्र्याचं तसं होत नाही. तिथे शाई कोरलेल्या चरांत भरतात, वेगळं यंत्र लागतं, वेगळा कागद ओला करून दाबावा लागतो. शिवाय लाकडी ठोकळा हजारो प्रती काढूनही झिजत नाही. शाळेच्या स्वस्त पुस्तकाला याहून सोयीचं काय?

पण यात एक मेख आहे. तांब्यात कोरलेली रेघ काळी छापली जाते. लाकडात कोरलेली रेघ पांढरी राहते, कारण शाई वरच्या पृष्ठभागाला लागते आणि खोदलेल्या खोबणीला लागत नाही. कोरा ठोकळा छापला तर सगळा चौकोन काळाकुट्ट. पाटीवर पेन्सिलीने काढावं तसं, काळ्यातून पांढरं काढत जायचं. धंदेवाईक कोरके हे उलटं काम पुन्हा सुलट करत. चित्रकाराने ठोकळ्यावर शाईने काळ्या रेषा काढायच्या आणि कोरक्याने प्रत्येक काळ्या रेषेच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढून ती रेषा उभी ठेवायची. जाळीदार छटा असेल तर दोन रेषांमधले कणाएवढे चौकोन एकेक करून उचलायचे. हात कमालीचा लागतो. पण शेवटी लाकडाने तांब्याची नक्कल केली, एवढंच त्यातून निघतं.

ब्लेकने हे केलं नाही. तो काळ्यापासून सुरू झाला आणि लागेल तेवढाच उजेड कोरत गेला. अनुभव वेगळ्या रूपात त्याच्याकडे होता. तीस वर्षांपूर्वी स्वतःच्या कवितांच्या पुस्तकांसाठी त्याने तांब्याचा पृष्ठभाग उठावदार ठेवून छापण्याची स्वतःची रीत काढली होती आणि त्यात काळ्या भागावर पांढऱ्या रेघा ओढल्या होत्या. लाकडावर त्याने टेकडीचा उतार चारदोन धसमुसळ्या रेघांत उरकला, मेंढरांच्या पाठीवर आखूड टोचे मारले, आकाशाचा मोठा भाग तसाच काळा सोडला. माणसांच्या कपड्यांच्या घड्या बेविकच्या एखाद्या शिकाऊ पोरालाही शोभणार नाहीत अशा.

छापखान्याशी संबंधित कोरक्यांनी ते पाहून हात टेकले. असं चालायचं नाही, असं ते म्हणाले, आणि ब्लेकची तीन चित्रं एका सराईत कोरक्याकडून नव्याने कोरून घेतली गेली. सगळीच बदलायचा बेत होता. ब्लेकच्या १८६३ सालच्या चरित्रात याची हकिगत आहे: चार्ल्स एडर्स या कलासंग्राहकाच्या घरी जेवणाला थॉमस लॉरेन्स, जेम्स वॉर्ड आणि लिनेल असे चित्रकार जमले होते, विषय निघाला आणि सगळ्यांनी ब्लेकच्या त्या ठोकळ्यांची तोंडभरून तारीफ केली. थॉर्नटन चपापला आणि बाकीची सतरा चित्रं बचावली. बचावली म्हणजे पूर्ण नाही. पानात बसावीत म्हणून ठोकळे कडेने तासले गेले. कापण्याआधी काढलेले काही प्रूफ शिल्लक आहेत, त्यांत कडेचा किती भाग गेला ते दिसतं.

त्या तीन ‘सुधारलेल्या’ चित्रांचा आपल्यावर उपकारच आहे. रचना ब्लेकचीच, हात दुसऱ्याचा. त्यामुळे तुलना आयती करता येते. रेषा सगळ्या समांतर, समान जाडीच्या. छटा एकसारखी करडी. चुकीचं काहीच नाही. पण उजेड कुठूनच येत नाही, कारण अंधारच शिल्लक ठेवलेला नाही. तेच पान उलटून ब्लेकच्या हातच्या चित्रांकडे आलात की दिवस मावळलेला असतो आणि एखादा झाडाचा शेंडा, एखाद्या पाठीची कड, नदीचा काठ एवढंच काय ते उजळलेलं असतं.

चित्रांतला मजकूर पाहिला तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. फिलिप्सच्या कवितेत कॉलिनेट आपल्या दैन्याची तुलना विजेने होरपळलेल्या, उघड्याबोडक्या झाडाशी करतो. थेनॉट म्हणतो, तुझा जन्मच वाईट घटकेला झाला असणार: पिकावर तांबेरा पडला असेल, मोहोर वाऱ्याने झडला असेल, चंद्र ग्रहणात रक्ताळला असेल. फिलिप्ससाठी हे नुसते अलंकार. जोडाजोडीचे यमक जुळवत तो पुढे निघून जातो. ब्लेक तिथे थांबतो. त्याच्या चित्रात वादळाने पीक खरोखर भुईसपाट झालंय, माणूस कुठेच नाही. अलंकार म्हणून आलेली नासाडी त्याने घडलेली नासाडी म्हणून काढली. शेवाळ न धरणाऱ्या दगडाच्या म्हणीचंही तसंच. ब्लेकने काय काढलं? एका बड्या घरासमोरच्या हिरवळीवरून एक गडी जड दगडी रूळ ढकलतोय. म्हणीतला दगड थेट रूळच झाला! विनोद आहे, पण रूळ ढकलणारा कोण आणि घर कुणाचं, हेही त्यात आहेच.

एका चित्रात कॉलिनेट एकटा वाटेने निघालाय आणि रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर रोमन आकड्यांत कोरलंय: लंडन ६२ मैल. कवितेत हा आकडा नाही. ब्लेक १८०० ते १८०३ ही तीन वर्षं ससेक्सच्या किनाऱ्यावर फेल्पहॅम गावात राहिला होता, आणि तेवढाच काळ तो लंडनबाहेर राहिला. ते अंतर साधारण एवढंच, म्हणून अभ्यासकांनी हा दगड त्याच्या आयुष्याशी जोडला आहे. तिथून निघण्याच्या सुमारास बागेत घुसलेल्या एका सैनिकाला त्याने हाकलून दिलं, सैनिकाने राजद्रोहाची फिर्याद केली आणि १८०४ च्या सुरुवातीला खटला होऊन ब्लेक सुटला. सैनिकामुळे देशोधडीला लागलेला मेलिबियस त्याला आठवला असेल का? पुरावा काहीच नाही, पण मैलाचा दगड काही उगाच आलेला नाही, एवढं मी मानतो.

माझं म्हणणं असं: फिलिप्सने व्हर्जिलमधून जे काढून टाकलं, ते ब्लेकने परत आणलं. घर सुटलेला माणूस, उद्याचा पत्ता नसलेली रात्र, आणि ज्याचं वाचलंय त्याने दिलेला एका रात्रीचा आसरा. शेवटच्या चित्रांत थेनॉट आणि कॉलिनेट एकत्र जेवायला बसतात, नांगर सोडलेले गडी गात घरी येतात, जू उतरवलेली गुरं रेंगाळत हंबरत परततात. सगळं काळोखातच. म्हणून ते जेवण खरं वाटतं.

यात एक विसंगती आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ब्लेकला व्हर्जिल आवडत नव्हता. याच सुमारास त्याने होमर आणि व्हर्जिलवर एक छोटं पत्रक कोरून छापलं. त्यात ग्रीस आणि रोमने कला गिळून नष्ट केली, युद्धखोर राज्यात कला निपजूच शकत नाही, असं ठणकावून सांगितलंय. थॉर्नटनबद्दलही त्याचं मत काही चांगलं राहिलं नाही. १८२७ मध्ये, मरणाच्या वर्षी, थॉर्नटनने केलेल्या ख्रिस्ती प्रार्थनेच्या नव्या भाषांतराच्या समासात ब्लेकने असे काही शेरे मारले की ते वाचून डॉक्टर आजारी पडला असता. साम्राज्याचा भाट म्हणून व्हर्जिलवर राग धरणाऱ्या माणसाने साम्राज्याने उद्ध्वस्त केलेल्या माणसाची व्हर्जिलची कविता इतकी नीट ओळखावी, हे मला विसंगतीपेक्षा सुसंगत वाटतं.

पुढची कथा तरुण पोरांची आहे. १८२४ मध्ये एकोणीस वर्षांचा सॅम्युअल पामर लिनेलमार्फत ब्लेकला भेटला. ही चित्रं पाहून त्याने लिहून ठेवलं की ती म्हणजे स्वर्गातल्या छोट्या दऱ्या, कोपरे आणि आडोसे यांची दर्शनं आहेत. पामर, एडवर्ड कॅल्व्हर्ट, जॉर्ज रिचमंड आणि आणखी काही मित्रांनी स्वतःला ‘प्राचीन’ असं नाव घेतलं आणि केंटमधल्या शोरम गावी त्यांचा राबता सुरू झाला. पामर तिथे काही वर्षं राहिलाच. हे लोक धार्मिक, स्वप्नाळू आणि राजकारणात चांगलेच सनातनी. त्यांनी ब्लेककडून अंधार आणि चांदणं घेतलं, होरपळलेलं झाड आणि मैलाचा दगड फारसा घेतला नाही. कॅल्व्हर्टने लाकडावर मोजकीच चित्रं कोरली. १८३१ च्या ‘चेंबर आयडिल’मध्ये, जेमतेम ४ सेंटिमीटर उंचीत, एका खेडुताच्या घरातलं तरुण जोडपं आहे आणि त्याची कारागिरी ब्लेकच्या कितीतरी पुढची आहे. तरी दोन्ही शेजारी ठेवली तर मी ब्लेककडे वळतो. कॅल्व्हर्टच्या शेतकऱ्याला कधी घाम आला असेल, असं वाटत नाही.

पामर मात्र व्हर्जिलला विसरला नाही. म्हातारपणी त्याने एक्लॉग्जचं स्वतः इंग्रजी भाषांतर केलं आणि त्यासाठी तांब्यावर चित्रं करायला घेतली. १८८१ मध्ये तो गेला तेव्हा काम अर्धवट होतं. मुलाने ते पुरं करून १८८३ मध्ये पुस्तक काढलं. १९२६ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये पामर आणि ब्लेकच्या इतर शिष्यांचं प्रदर्शन भरलं आणि ग्रॅहम सदरलँडसारख्या त्या वेळच्या तरुण चित्रकारांच्या सुरुवातीच्या कामात शोरमचं चांदणं पुन्हा दिसू लागलं.

मूळ सतरा ठोकळे लिनेलने १८२५ मध्ये विकत घेतले होते. आज ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि १९७७ मध्ये त्यांवरून नव्याने काळजीपूर्वक ठसे काढले गेले. पुस्तकात घाईने छापलेल्या प्रतींपेक्षा या ठशांत बारकावे जास्त उमटलेत, त्यामुळे इंटरनेटवर शोधताना कोणता ठसा समोर आहे ते पाहावं. आणखी एक गोष्ट सांभाळावी. पडद्यावर ही चित्रं भिंतीएवढी करून पाहता येतात आणि मग रेघा खरोखरच राकट दिसतात. पहिलं चित्र सोडलं तर बाकी सोळा प्रत्यक्षात सुमारे साडेतीन सेंटिमीटर उंच आणि साडेसात सेंटिमीटर रुंद आहेत, एका पानावर चार. आधी तेवढ्या आकारात पाहा, मग मोठी करा.